नॉनवुव्हनची सुलट बाजू आणि 55 दिवसांचा रिपोर्ट

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. ज्यांना नॉनवुव्हनचं, म्हणजे न विणता तंतू एकमेकांना चिकटवून केलेल्या कापडाचं, सॅम्पल तपासायला द्यायचं आहे, त्यांचे दिवस तरी वाचावेत म्हणून लिहिते आहे.

बडोद्यात, मकरपुरा जीआयडीसीत आमची छोटी शेड आहे. एक किस रोल (द्रावणात फिरत कापडाला नुसता टेकणारा रोल), एक ड्रायर, एक वाइंडर (कापड गुंडाळणारं यंत्र). कापड गिऱ्हाइकाचं, ट्रीटमेंट आमची. सॅनिटरी नॅपकिनचा सगळ्यात वरचा, अंगाला लागणारा पांढरा थर बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलिनच्या स्पनबॉन्डचा, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचे धागे ओढून लगेच जोडलेल्या नॉनवुव्हनचा, असतो. हे मुळात प्लास्टिक, पाण्याशी त्याचं जमत नाही. कोऱ्या कापडावर थेंब टाकला तर अळूच्या पानावर राहतो तसा गोल राहतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला साधारण 72 मिलिन्यूटन, आणि पॉलिप्रोपिलिनची पृष्ठऊर्जा 30 च्या आसपास. आम्ही लावतो ते फिनिश, म्हणजे कापडाला पाणी ओढायला लावणारं रसायन, हे अंतर कमी करतं, मग द्रव वर न साचता झटकन खालच्या थरात उतरतो.

फिनिश लागतं किती? 20 जीएसएमच्या (चौरस मीटरला 20 ग्रॅम वजनाच्या) कापडावर अर्धा टक्का म्हणजे एका चौरस मीटरवर 0.1 ग्रॅम. आम्ही 5 टक्क्यांचं द्रावण करतो आणि कापडाच्या वजनाच्या 10 टक्के द्रावण उचललं जाईल असा रोलचा वेग ठेवतो. कमी लागलं तर द्रव वर साचतो. जास्त लागलं तर खाली गेलेला द्रव दाब पडताच वर येतो आणि वापरणाऱ्या बाईला दिवसभर ओलं वाटतं. या दुसऱ्या चुकीबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण मला तीच जास्त गंभीर वाटते.

मशीन बसवणं, फिनिश निवडणं, ड्रायरचं तापमान जुळवणं हे सगळं महिन्याभरात मार्गी लागलं. अडकलो ते रिपोर्टवर.

नव्या गिऱ्हाइकाची अट साधी होती. मिठाच्या पाण्याचा 5 मिलिलीटरचा डोस कापडातून पहिल्या वेळी 3 सेकंदांच्या आत उतरला पाहिजे, आणि त्याच जागी तिसऱ्यांदा ओतला तरी 5 सेकंदांच्या आत. याला स्ट्राइक-थ्रू म्हणतात. तिसरा डोस महत्त्वाचा, कारण स्वस्त फिनिश पहिल्याच पाण्याबरोबर धुऊन जातं. आमच्या शेडमध्ये टीपकागद आणि स्टॉपवॉच घेऊन मी पन्नासदा तरी करून पाहिलं होतं. पहिल्या डोसला कधीच 3 च्या वर गेलं नाही. पण गिऱ्हाइकाला बाहेरच्या प्रयोगशाळेचा शिक्का हवा होता, आणि त्यात गैर काही नाही.

8 एप्रिलला सॅम्पल दिलं. फॉर्मवर जीएसएम, रंग, रोल नंबर, कच्चा माल असे सगळे रकाने होते. ट्रीटमेंट कोणत्या बाजूने आहे, याला रकाना नव्हता. किस रोल कापडाच्या एकाच बाजूला टेकतो. द्रावण कमी उचललं की दुसरी बाजू बरीचशी कोरी राहते. म्हणून मी काउंटरवर विचारलं, "सुलट बाजू कुठे लिहू?" उत्तर मिळालं, "बेन, फॉर्ममां जे कॉलम छे ए ज भरवानां." मी मुकाट्याने फॉर्म दिला. तिथे हटून बसायला हवं होतं.

26 दिवसांनी रिपोर्ट आला. सरासरी 11.8 सेकंद, नापास.

त्या रात्री मला झोप लागली नाही. फिनिशचा ड्रम बदलला, द्रावण बदललं, रोलचा वेग कमी करून पाहिला, दोन रोल वाया घालवले. आमच्याकडे मात्र घड्याळ 2 आणि 3 च्या मध्येच थांबत होतं. गिऱ्हाइकाचे रोज फोन. त्यांचंही चुकत नव्हतं. नॅपकिनवरचा जीएसटी जुलै 2018 मध्ये माफ झाला, पण त्यामुळे आमच्या बिलावरचा कर त्यांना वळता करून मिळत नाही. त्यांच्यासाठी एकेक पैसा मोजूनच असतो.

दांडिया बाजारात आमच्या शेजारी एक काका राहतात. कलाभवनात टेक्स्टाइल शिकले आणि पुढे गिरणीत आयुष्य काढलं. त्यांनी रिपोर्ट चष्म्याजवळ धरला आणि विचारलं, "दहा तुकडे तपासतात ना? मग दहा आकडे कुठे आहेत?" रिपोर्टवर फक्त सरासरी छापली होती.

आता ते दहा आकडे मिळवण्याची कथा. फोन केला तर, लेखी द्या. लेखी दिलं तर, लेटरहेडवर द्या. लेटरहेडवर दिलं तर, सही करणारे साहेब रजेवर. माझ्याच पैशांनी, माझ्याच कापडावर घेतलेल्या नोंदी मला मिळायला 13 दिवस लागले. मे महिन्याच्या उन्हात स्कूटरवरून मी चार वेळा तिथे गेले, आणि चारही वेळा तो कागद आतल्या टेबलावरच होता.

कागद हातात आला तेव्हा काकांनी पेन्सिलीने दोन गोल काढले. चार आकडे 2 ते 3 सेकंदांचे. सहा आकडे 17 ते 19 चे. मधला एकही नाही. "कापड वाईट असतं तर आकडे पसरले असते," काका म्हणाले. "हे दोन वेगळे ढीग आहेत, सुमन. सहा तुकडे उलटे ठेवलेत त्यांनी."

मला आनंदाने रडू आलं, हे लिहायला मला संकोच नाही. कापड चांगलं होतं.

पुन्हा फी भरली. चूक त्यांची असूनही फी माझीच. या वेळी तुकडे आयताकृती कापले, प्रत्येकाची लांब बाजू उभी धरून वरचा उजवा कोपरा कात्रीने कापला आणि "शेरा" या रकान्यात लिहिलं, 'लांब बाजू उभी धरून कापलेला कोपरा वर उजवीकडे ठेवल्यास सुलट बाजू वर येते. द्रव याच बाजूवर ओतावा.' काउंटरवरच्या माणसाने नाक मुरडलं, पण मी पोच घेतल्याशिवाय हलले नाही. पेनने खूण करू नका, शाई द्रवात उतरते. तुकडे उघड्या बोटांनीही धरू नका, हाताच्या तेलकटपणाने आकडा बदलतो. 16 दिवसांनी, 2 जूनला रिपोर्ट आला. पहिला डोस 2.6 सेकंद, तिसरा 3.9. तोवर अर्धी ऑर्डर दुसरीकडे गेली होती.

आठवलं तसं आणखी थोडं. सॅम्पल देतानाच 'दहाही वेगवेगळे आकडे हवेत' असं लेखी द्या आणि त्यावर पोच घ्या. द्रावण रात्रभर ठेवू नका, त्यात जंतू वाढतात, आणि हा माल अंगाला लागणार आहे. रोज सकाळी ताजं करा. तयार रोल पत्र्याखाली तापू देऊ नका. उष्णतेने फिनिश पृष्ठभागावरून हलतं, कापड हळूहळू पुन्हा पाणी झटकायला लागतं. ट्रीट केलेला रोल डायपरच्या कडांना लागणाऱ्या कोऱ्या एसएमएस कापडाला (स्पनबॉन्डच्या दोन थरांमध्ये बारीक तंतूंचा मेल्टब्लोन थर असलेल्या, पाणी अडवणाऱ्या कापडाला) खेटून तर कधीच ठेवू नका. फिनिश त्यात उतरलं की ज्या कडेने पाणी अडवायचं तीच गळायला लागते.

आणि रोल गुंडाळताना सुलट बाजू आत गेली की बाहेर, हे पुठ्ठ्याच्या नळीच्या आत लिहून ठेवा. आमच्याकडे ते मी कामगारांवर सोडत नाही. प्रत्येक नळीवर माझ्या हाताने लिहिते, तारखेसकट.