झिजलेल्या विंचेस्टरची निळाई

आजोबांच्या परवान्यावरून वारसाने माझ्या नावावर आलेली विंचेस्टर १८९२ कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची अमेरिकी रायफल, ही माझ्या संग्रहातील पहिली बंदूक, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायदा एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवू देत असल्यामुळे हा संग्रह यापुढे फारसा वाढणारही नाही. बाकीच्या कार्बाइन मी छायाचित्रांतून जमवतो, आणि त्याही मुद्दाम झिजलेल्याच.

पश्चिम अमेरिकेतील गुराख्यांनी वापरलेल्या कार्बाइनची नळी साधारणतः २० इंचांची असते आणि डाव्या अंगाला खोगिराला अडकवण्याची कडी असते. ती कडी वर्षानुवर्षे हेलकावत राहिल्याने पोलादावर अर्धगोल ओरखडा उमटतो. लिव्हरच्या, म्हणजे काडतूस भरण्यासाठी खाली-वर करायच्या तरफेच्या, किंचित पुढे, जिथे बंदूक एका हातात तोलून धरतात, तिथली निळाई, म्हणजे गंज रोखण्यासाठी पोलादावर चढवलेला निळसर-काळा थर, उडून तपकिरी छटा येते. दस्ता मानेपाशी मोडला, तर त्यावर ओले कच्चे कातडे घट्ट गुंडाळत. वाळताना ते आवळून बसे. असा दुरुस्त केलेला दस्ता मला कोऱ्या दस्त्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

नोव्हेंबर २०१४ मध्ये नेवाडातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जुनिपरच्या झाडाला टेकवून ठेवलेली विंचेस्टरच्याच १८७३ मॉडेलची एक रायफल सापडली. ती १८८२ सालची होती. तिचे लाकूड करडे पडून तडकले होते आणि दस्त्याचे टोक मातीत रुतले होते. क्ष-किरण तपासणीत दस्त्याच्या पोकळीत एक काडतूस आढळले. वायोमिंगमधील कोडी येथील बंदुकांच्या संग्रहालयाने तिची पडझड थांबवली. तिला नवी मात्र केले नाही.

माझ्या कार्बाइनच्या नशिबी ते नव्हते. ती अमेरिकेत नव्हे, नाशिकजवळच्या आमच्या शेताच्या राखणीत झिजली होती. स्प्रिंग बदलण्यापुरती ती एका कारागिराकडे दिली, तर त्याने आपलेपणाने सगळी निळाई घासून पुन्हा चढवली. आजोबांच्या पंजाचा डाग गेला आणि न्यू हेवनचा, म्हणजे विंचेस्टर कारखान्याच्या गावाचा, पत्ता कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथटल्या. आमच्याकडे समईसुद्धा चिंचेने लख्ख घासल्याशिवाय देवापुढे जात नाही, तेव्हा त्याच्यावर रागावणार तरी कसे?

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मी फक्त तेलाचे फडके फिरवतो. लिव्हरच्या पुढे, माझा हात बसतो तिथे, निळाई अलीकडे जराशी विटू लागली आहे.