शीआनच्या बेइलिनमध्ये यान चन्छिंगला शोधताना

शीआनला जाणारा जो तो मातीचे सैनिक बघतो आणि परत फिरतो, पण दक्षिण तटबंदीला लागून बेइलिन म्युझियम आहे, १०८७ पासूनचं, तिथे अर्धा दिवस काढाच. दालनंच्या दालनं नुसते शिलालेख, माणसापेक्षा उंच, शतकानुशतकं शाईचे ठसे घेऊन घेऊन काळेकुट्ट झालेले. चिनी वाचता येत नसलं तरी चालतं, एकच माणूस धरायचा, यान चन्छिंग.

चीनच्या थांग राजवटीतला सरकारी अधिकारी आणि नावाजलेला कॅलिग्राफर, जन्म ७०९ चा. त्याची ७५२ ची डुओबाओ पॅगोडा शिळा इथे आहे. अक्षर इतकं टापटीप की पहिल्या नंबरच्या पोराची वही, आणि कॅलिग्राफी शिकणारे आजही हीच गिरवतात. खरं सांगू? मला जरा कंटाळवाणी वाटली.

मग ७७९ ची यान छिनली शिळा बघा, पणजोबांसाठी लिहिलेली, तोवर हा सत्तरीचा. आडव्या रेघा बारीक, उभ्या जाडजूड, आणि दोन उभ्या समोरासमोर आल्या की कंसासारख्या बाहेर फुगतात, त्यामुळे अक्षर छाती काढून उभं राहतं. उजवीकडे उतरणारा फटकारा शेवटी दाबलाय, किंचित थांबलाय, मग टोक काढलंय, तिथे शेपटीसारखी खाच दिसते. हा दगड बराच काळ जमिनीत गडप होता, १९२२ ला सापडला.

या दोन दगडांच्या मधे ७५५ चं बंड आहे, आन लुशान या थांग सेनापतीने राजवटीविरुद्ध केलेलं. आजूबाजूचे अधिकारी भराभर शरण जात होते तेव्हा यान आणि त्याचा चुलतभाऊ लढायला उभे राहिले, भाऊ मारला गेला, तरुण पुतण्याही, आणि त्याचं फक्त मुंडकं परत मिळालं. ७५८ मध्ये पुतण्यासाठी लिहिलेला शोकलेखाचा कच्चा खर्डा टिकलाय, त्यात खाडाखोड, कोरडा पडत गेलेला ब्रश, ओळी वाकड्या, आणि चीनमध्ये तो हस्ताक्षराच्या सर्वोच्च नमुन्यांत धरतात! नीट लिहायचं त्याच्या डोक्यातच नव्हतं तेव्हा. पुढे म्हातारपणी दरबाराने त्याला दुसऱ्या एका बंडखोराची समजूत काढायला धाडलं, त्याने कैदेत टाकलं आणि ७८५ मध्ये गळा आवळून मारलं.

तो खर्डा मात्र शीआनला शोधू नका, तैवानमध्ये तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियमकडे आहे आणि क्वचितच बाहेर काढतात. २०१९ ला टोकियोच्या प्रदर्शनाला दिला तर चिनी इंटरनेटवर नुसता गदारोळ.