केळं आणि अणुभट्टी

आज पुतणीला घेऊन शहरातल्या एका विज्ञान प्रदर्शनात गेलो. गर्दी सगळी अणुऊर्जेच्या स्टॉलवर. लुकलुकणारं मॉडेल, कॉमिक, डोक्याला टोपी फुकट. पोरं खूश, म्हणजे आईबाप पण खूश!

तिथला पोरगा गोड बोलत होता. म्हणे, "काका, केळ्यात पण रेडिएशन असतंय." खरं आहे, पोटॅशियम-40 हे किरणोत्सारी पोटॅशियम किंचित असतं त्यात. कोळशाच्या मानानं कार्बन फारच कमी, हेही खरं. तारापूर 1969 पासून वीज देतंय, तेही खरं. पण मी विचारलं, जळालेलं इंधन शेवटी ठेवणार कुठं? तर त्यानं दुसरी टोपी पुढं केली.

ही गोडी जुनीच. 1954 साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस म्हणाले होते, पुढच्या पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटर लावणंही परवडणार नाही. आमच्या घरचं बिल बघायला पाहिजे होतं त्यांनी.

माझा विरोध नाही, बरं का. पण अणुस्कुरा घाट उतरला की राजापूर, पुढं जैतापूर. तिथं 1650 मेगावॅटच्या 6 अणुभट्ट्या ठरल्यात. 2011 ला त्याविरुद्धच्या आंदोलनात साखरी नाटे गावात गोळीबार झाला, एक जण गेला. स्टॉलवरच्या नकाशात जैतापूरला हिरवा ठिपका होता, बाजूला हसरा मासा. मासेमारी करणाऱ्यांबद्दल एक ओळ नाही.

संध्याकाळी रंकाळ्यावर पुतणीनं केळं घेतलं, सोललं आणि विचारलं, "काका, खाऊ न्हवं?"