सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही: पी२१०१ चा छडा (बहुतेक) लागला

सकाळी गाडी चालू होत नव्हती, तेव्हा गेल्या वेळी लिहिलं होतं की थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा पाकळीने कमी-जास्त करणारा भाग) साफ केली आणि काम झालं. शब्द मागे घेतो. चार दिवस बरे गेले, पाचव्या सकाळी पुन्हा तेच. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. चावी बंद करून दुसऱ्यांदा मारला की लगेच चालू. दुपारी तर कधीच नखरे नाहीत.

स्कॅनरवर पुन्हा एरर कोड पी२१०१, म्हणजे थ्रॉटलच्या मोटरला सांगितलेली जागा आणि पाकळीची खरी जागा जुळत नाही. सोबत यावेळी पी०५६२, सिस्टिम व्होल्टेज कमी. पहिल्यांदाही हा दिसला होता, पण बॅटरी जुनी आहे म्हणून मी तो कानाआड केला. तिथेच चुकलं.

जुन्या केबलवाल्या गाडीच्या सवयीने मी पेडल पंप करत बसलो होतो. इथे केबलच नाही. पेडल फक्त ईसीयूकडे (इंजिनच्या कॉम्प्युटरकडे) मागणी करतं, पाकळी हलवायची की नाही ते ईसीयू ठरवतो. उलट बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना पेडल तळाला टेकवलं, तर इंजिन फ्लड झालंय (आत जादा पेट्रोल साचलंय) असं समजून इंजेक्टर बंदच होतात.

नवी थ्रॉटल बॉडी मागवणारच होतो. त्याआधी तिचा कनेक्टर हलवून स्कॅनरवर लाइव्ह डेटा पाहिला. पाकळीची जागा सांगणाऱ्या दोन्ही पोझिशन सेन्सरचे आकडे स्थिर, एकही उडी नाही. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढला (सेल्फ फिरावा, इंजिन चालू होऊ नये म्हणून) आणि मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरा इंजिन ब्लॉकवर धरला. मित्राने सेल्फ मारला.

१.५ व्होल्ट! म्हणजे एवढे या दोन टोकांमधल्या अर्थच्या वायरीतच वाया जातायत. इथे ०.२ च्या आत हवेत. बॅटरीच्या टोकांवर तेव्हा १०.६ होते. पॉझिटिव्हकडची ०.३ ची घट धरली, तर पुढे जेमतेम ८.८ उरतात. एवढ्यावर थ्रॉटलची मोटर पाकळी सांगितलेल्या जागी नेऊ शकत नसावी.

हीच अर्थची वायर मी आधी मीटरच्या ओहम सेटिंगवर (रेझिस्टन्स बघून) तपासून पास केली होती. ०.०१ ओहम साध्या मीटरला दिसतच नाही. पण सेल्फने १५० अँपिअर ओढले की त्याच ०.०१ चे दीड व्होल्ट होतात. सकाळी ऑइल घट्ट, सेल्फ जास्त करंट ओढतो, घट आणखी वाढते. एकदा इंजिन फिरलं की थोडं सैल होतं, म्हणून दुसऱ्या खेपेला चालू होत असावं.

ब्लॉकवरचा बोल्ट सोडला तर वायरच्या रिंगखाली पांढरट-हिरवी पूड. बोल्टचं डोकं मात्र चकाचक, वरून काही कळायचं कामच नाही. सँडपेपरने घासून उघडा धातू काढला, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. आता सेल्फ मारताना ०.१२.

आज अकरावी सकाळ, रोज पहिल्या खेपेला चालू. सेल्फचा आवाजही हलका झालाय. तो जड होता हे आत्ता कळतंय. आयडल (पेडल न दाबता इंजिनचा वेग) मात्र ११०० आरपीएमवर अडकलाय. सफाईनंतर थ्रॉटलचं रीलर्न (ईसीयूला पाकळीची जागा नव्याने शिकवणं) केलंच नाही, ते रविवारी.