पिशवी, ३०,०००

त्या दिवशी स्वच्छतागृहाची किल्ली वेळेवर सापडली असती, तर शून्य तक्रारींच्या अहवालावर सही करून मी रात्रीच्या गाडीने पुण्याला परत आले असते.

मी वकील. बावीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात गेली. महिलांच्या प्रश्नांवर शासनाला सल्ला देणाऱ्या एका राज्यस्तरीय समितीवर अशासकीय सदस्य म्हणून तीन वर्षांसाठी नाव लागलं, तेव्हा सासूबाईंनी सोसायटीत पेढे वाटले होते. समिती म्हणजे काय चीज आहे हे पहिल्या बैठकीत कळलं. राज्य महिला आयोग १९९३ च्या कायद्याने उभा आहे. तो समोरच्याला हजर करू शकतो, कागद मागवू शकतो. आमच्या समितीमागे एक शासन निर्णय, बाकी काही नाही. आम्ही कुणाला बोलावायचं म्हणजे विनंतीपत्र पाठवायचं. अहवालाच्या शेवटी लिहायचं, ‘शिफारस करण्यात येते’. मग सहा-आठ महिन्यांनी अनुपालन अहवाल येतो. त्यात प्रत्येक शिफारशीसमोर एकच मजकूर: ‘कार्यवाही सुरू आहे’.

तरी मी बैठका चुकवत नव्हते. खोटं कशाला बोलू, नावाच्या पाटीचंही थोडं सुख होतं.

तर दसऱ्याच्या आधीचा आठवडा. बीड जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. टोळ्या निघायच्या आत ऊसतोड करणाऱ्या बायकांशी बोलून घ्यायचं, असं ठरलं होतं. विषय नवा नव्हता. या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्यभर गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजार ८०० हून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. हे सगळं माझ्या फाईलमध्ये होतं, पिवळ्या मार्करने रंगवलेलं. पुढे काय फरक पडला, ते आम्ही पाहायचं होतं.

पंचायत समितीच्या सभागृहात एकेचाळीस बायका आल्या होत्या. आम्ही व्यासपीठावर, त्या खाली सतरंजीवर. आमच्या हातात स्वागताची रोपटी दिली, ती ठेवायला टेबलावर जागा होईना. दारात दोन पुरुष उभे होते. पांढरा सदरा, खिशात दोन-दोन मोबाईल. ते कोण, असं मी शेजारच्या विस्तार अधिकाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, “गावकरी आहेत मॅडम.” मुकादम होते, हे मला नंतर कळलं. ज्या माणसाकडून हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली, तो दारात उभा असताना बाई माईकवर काय बोलणार?

आशाताईंनी छापील प्रश्नावली एकेकीला वाचून दाखवली. चौथा प्रश्न होता, ‘आपली गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे काय?’ एकेचाळीस वेळा नाही. कामाच्या ठिकाणी छळ? नाही. काही तक्रार? नाही. एका म्हाताऱ्या बाईने तेवढं विचारलं, “रेशनचं कधी मिळायचं?” त्यावर टाळ्या पडल्या. का, ते देव जाणे.

साडेबाराला जेवणासाठी थांबलो. मी स्वच्छतागृह विचारलं. इमारतीच्या मागे होतं, नवं कोरं, दारावर बाईचं चित्र आणि भलंमोठं कुलूप. बाहेरची माणसं घाण करतात म्हणून बंद ठेवतात. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई जेवणाची पाकिटं आणायला गेलेला. महिलांच्या प्रश्नांवरची समिती आली त्या दिवशीही कुलूप काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या आधीच सात-आठ जणी तिथे कडुनिंबाखाली बसलेल्या होत्या. त्यांनाही तिथेच जायचं होतं, फक्त त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

“तुमालाबी न्हाई उघडलं?” एकीने विचारलं आणि सगळ्या हसल्या.

मग बोलणं सुरू झालं ते संडासापासूनच. फडात कुठला आलाय संडास, उसातच जायचं, तेही अंधार असेपर्यंत. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, मागे साडीखाली वाळत घालायचं. डोकी सेंटरला मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. रात्री दोनला गाडी आली तर दोनला उठायचं. “अंगावरून जात असलं तरी गाडी थांबती का?” हे सगळं त्या मला सांगत नव्हत्या, आपापसांतच बोलत होत्या, मी तिथे आहे एवढंच. मध्येच एकीने मला बसायला आपली पिशवी सरकवून दिली. त्या पिशवीतून शंभर पानी वही डोकावत होती.

“मुलीची का?”

“आमची. हिशोबाची. पोरगी लिवती.”

ती बाई असेल पस्तिशीच्या आतबाहेर. वय विचारलं तर म्हणाली, “तिसाच्या म्होरंच आसंल.” थोरली मुलगी आठवीत. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघांचा हिशोब एकच. मुकादम सांगेल तो आकडा खरा मानायचा, कारण दोघांनाही वाचता येत नाही. पोरीला अक्षर आल्यापासून ती फडातसुद्धा हिशोब लिहून ठेवते. ग्रामसेवकाने ‘कागदपत्रं घेऊन या’ असं सांगितलं होतं. बाईकडे कागदपत्र म्हणजे ही वहीच. शिवाय तिला वाटलं होतं, वरून माणसं येणार आहेत तर हिशोब मिटवून जातील.

मी वही उघडली. शाळकरी, गोल, शिरोरेषा पट्टीने मारलेली. डावीकडे तारीख, मग मजकूर, उजवीकडे रुपये.

उचल १,००,०००. तांदूळ, तेल, मिरची ८४०. वाढे विकले ३५०, हे हिरव्या पेनने, कारण उसाचे शेंडे विकून आलेलं ते जमा. साखर, चहापत्ती १९०. पिशवी ३०,०००. साबण, मीठ ११०. त्याखाली, आई खाडा १२ दिवस, ६,०००.

मी दिवसभर ‘गर्भाशय’ वाचत होते. चहापत्ती आणि साबणाच्या मध्ये ती ओळ आली, आणि मी खरोखर विचारलं, “तीस हजारांची कसली पिशवी आणली?”

क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग ती बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली, बाकीच्याही हसल्या, एक तर डोळे पुसत होती. “ओ म्याडम, पिशवी काढली की हो माझी!”

लहानपणापासून ऐकलेला शब्द. माझ्या आत्याचीही पिशवी काढली होती. पण प्रश्नावली तयार करताना आम्ही चार शिकलेल्या बायका गर्भाशय, शस्त्रक्रिया, काय, असं लिहून बसलो होतो. मुकादम दारात नसते तरी त्या प्रश्नाला किती जणींनी होय म्हटलं असतं, मला शंका आहे. झाडाखालच्या आठ जणींत तिघींची पिशवी काढलेली निघाली. तिघींनी आत ‘नाही’ सांगितलं होतं.

कारण विचारलं. ओटीपोटात दुखायचं, अंगावर पांढरं जायचं. खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली. गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, तुम्हाला लेकरं झालीत, आता तिचा उपयोग काय, असं डॉक्टर म्हणाले. पैसे मुकादमाने दिले, उचलीत धरले. बारा दिवस ती कोपीत पडून होती. दिवसाला ५०० प्रमाणे गैरहजेरीचा खाडा लागला. तेराव्या दिवशी मोळी उचलली. आता कंबर धरते, अंगातून वाफा निघतात, रात्री झोप नाही. बीजकोशही काढलेत का, हे तिला माहीत नव्हतं. पोटाचं काढलं, एवढंच माहीत.

मग माझ्यातली वकील जागी झाली. डिस्चार्ज कार्ड आहे का? “दवाखान्यातच ऱ्हायलं.” बिल? “पैशे घेतले, कागद न्हाई दिला.” संमतीपत्रावर सही कुणी केली?

“त्यांचा आंगठा घेतला.”

त्यांचा म्हणजे नवऱ्याचा. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच सांगितलंय की शहाण्यासुरत्या बाईची संमती तिची स्वतःचीच लागते. त्या खटल्यात पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले होते, आणि ती संमती न्यायालयाने धरली नाही. मी हे त्या झाडाखाली शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. तक्रार करता येईल, भरपाई मागता येईल. ती मान हलवत ऐकत होती. माझं संपल्यावर तिने वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ते सगळं ऱ्हाऊ द्या. हे बारा खाडे तेवढे खोडून द्या.”

मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही.

“मग तुमच्या हातात काय हाये?” तिने विचारलं. टोमणा नव्हता त्यात, तिला माहिती हवी होती. तेवढ्यात शिपाई किल्ली घेऊन आला.

मी त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला. तिने दोनदा बजावलं, नाव घालू नका, गावाचं पण नको. आठ दिवसांनी त्याच माणसाच्या ट्रॅक्टरमध्ये बसायचंय. तिने नंबर मात्र दिला, पोरीच्या मोबाईलचा.

रात्री विश्रामगृहावर आमच्यासोबतच्या अधिकाऱ्यांनी टिपणाचा मसुदा वाचून दाखवला. उपस्थिती ४१, प्राप्त तक्रारी निरंक, महिलांनी शासनाच्या योजनांबद्दल समाधान व्यक्त केले. मी फोटो दाखवला. ते शांतपणे म्हणाले, तक्रारदाराचं नाव नाही, सही नाही, मॅडम, ही तक्रार धरता येणार नाही. नियमाने त्यांचं बरोबर होतं. माझा आवाज चढला, त्यांचाही. मीठ कमी असलेलं पिठलं गार होत होतं.

आमच्या अध्यक्षबाई जुन्या, मुरलेल्या. त्यांनी दोघांनाही बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, “तक्रार नका लिहू. सदस्याचं निरीक्षण म्हणून लिहा. बघितलंय कुणी? तुम्ही. मग सही तुमचीच चालते.” दीड वर्ष समितीवर असून मला ही वाट ठाऊक नव्हती.

रात्री अकरापर्यंत लिहीत बसले. दुसऱ्या दिवशी टंकलिखित प्रत आली, तर त्यात पिशवीचं ‘गर्भाशय’ झालेलं, आणि आकडे गेलेले: ‘एका महिलेस शस्त्रक्रियेसाठी कर्ज घ्यावे लागल्याचे व उपचार काळातील मजुरी कपात झाल्याचे निदर्शनास आले.’ वाचायला छान. वाचून झाल्यावर काही आठवत नाही असं. मी आग्रह धरला की वहीतल्या सात ओळी जशा आहेत तशा छापायच्या. चहापत्तीसकट. अधिकारी म्हणाले, अहवालात चहापत्ती कशी येईल? शेवटी परिशिष्टात आली.

अहवालात मी चार शिफारशी घातल्या. प्रश्नावली बायकांच्या बोलीत करावी. सुनावणीच्या जागी मुकादम, वाहतूकदार कुणी नसावेत. शस्त्रक्रियेचे कागद बाईच्या स्वतःच्या हातात द्यावेत. आणि आजारपणाचा, बाळंतपणाचा खाडा लावायला बंदी असावी.

पुढची बैठक मुंबईत, वातानुकूलित. निरनिराळ्या खात्यांचे लोक होते. वित्ताकडून आलेले एक तरुण अधिकारी परिशिष्ट चाळत होते. त्यांनी पेन त्या ओळीवर टेकवून विचारलं, “मॅडम, ही तीस हजारांची पिशवी कसली?”

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. ते गृहस्थ कानापर्यंत लाल झाले आणि बैठक संपेपर्यंत पुढचं पान उलटलं नाही त्यांनी. मला त्यांचा राग आला नाही. मी झाडाखाली तेच विचारलं होतं.

पहिली शिफारस मान्य झाली. प्रश्नावलीत आता ‘पिशवी काढली आहे का?’ असं आहे. सुनावणीच्या दारात कोण उभं राहतं यावर ‘सूचना निर्गमित’. कागदांच्या बाबतीत आरोग्याचे लोक म्हणाले, नियम आधीचाच आहे, पुन्हा परिपत्रक काढू. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात असा आदेश दिला, तेव्हा ते परिपत्रक जरा हललं. खाड्याची शिफारस मात्र एका खात्याकडून दुसऱ्याकडे जात राहिली. मजूर मुकादमाचा, मुकादम म्हणतो मी मध्यस्थ, कारखाना म्हणतो आमचा करार वाहतूकदाराशी. बाईचा मालक कोण, हेच कागदावर सापडत नाही, तर खाडा लावू नको म्हणून सांगायचं कुणाला? अनुपालन अहवालात तिच्यासमोर लिहिलंय, कार्यवाही सुरू आहे.

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, टोळ्या परत आल्या, तेव्हा मी त्या नंबरवर फोन केला. मुलीने उचलला. आई पाण्याला गेली होती.

मी विचारलं, “हिशोब मिटला का गं?”

“मिटला म्हनले. उचल थोडी फिरली, राह्यलेली म्होरल्या साली.”

“आणि ते बारा दिवस?”

“धरले की.” मग जरा थांबून म्हणाली, “म्याडम, ती वही भरली. दुसरी केली मी. पहिल्या पानावर तेच उतरवून घेतलंय.”