कोणासाठी करायचे आहे?

हुलग्याचे कढण कसे करायचे किंवा चिंचेचे चारू, म्हणजे तेलुगू घरांतले पातळ आंबट-तिखट सार, कसे करायचे, असे कोणी विचारले की कृती सांगण्याआधी मी "कोणासाठी करायचे आहे?" असे विचारते. ओळखीच्या सगळ्यांना ही माझी सवय आता ठाऊक झाली आहे, आणि अलीकडे कृतीपेक्षा या सवयीविषयीच जास्त विचारणा होते. कृती तर एकच असणार, मग पिणारे माणूस कोण आहे याची चौकशी कशाला? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

अशा पातळ पदार्थांना आता सरसकट सूप म्हणतात, पण माझ्या लहानपणी आमच्या घरात सूप म्हणजे धान्य पाखडायचे सूप. ते स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगलेले असे. संस्कृतात वरणाला सूप आणि स्वयंपाक्याला सूपकार म्हणतात, हे पुढे शिकताना कळले. वाटीतून प्यायच्या पदार्थांना आमच्याकडे ज्याचे त्याचे नाव होते : कढण, सार, माडगे, आंबील, अळणी, चारू. यांतले काहीही जेवणाच्या आरंभी सगळ्यांच्या पुढे सारखे ठेवण्याची रीत नव्हती. घरात कोणाला तरी त्याची गरज असे, म्हणून ते चुलीवर चढे.

हुलग्याचे कढण वडिलांसाठी होत असे. कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तोच आमचा हुलगा. कमी पावसात, हलक्या जमिनीतही येणारा, म्हणून आमच्या कोरडवाहू मुलखाचा. वडील सोलापूरच्या एका कापडगिरणीत कताई खात्यात होते. रात्रपाळी करून घरी येत, तेव्हा त्यांच्या भुवयांवर आणि पापण्यांवर कापसाचे बारीक तंतू चिकटलेले असत, आणि दिवाळीनंतर थंडी पडू लागली की त्यांचा खोकला चार घरे पलीकडे ऐकू जाई. आई आदल्या रात्री वाटीभर हुलगे सुपात घेऊन पाखडी आणि मग ताटात पसरून पुन्हा बोटांनी निवडी, कारण हुलग्याच्याच रंगाचा आणि आकाराचा खडा त्यात हमखास लपलेला असतो आणि तो पाखडून जात नाही. भिजत घातलेले हुलगे पहाटे धुऊन, सहापट पाणी घालून ती मंद आचेवर ठेवी. गिरणीचा भोंगा होईपर्यंत ते तास-दीड तास शिजलेले असत. मग एक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून ती दाबून पाही. साल सुटून आतले पीठ मऊ लागले की झाले. आता मी कुकरला सात शिट्ट्या करते, पण दाणा अजूनही तसाच दाबून पाहते.

पाणी निथळून घेतले की ते कढण, आणि खाली उरलेल्या हुलग्यांची उसळ. कढणाला दाटपणा यावा म्हणून डावभर हुलगे वाटून त्यातच परत घालायचे. बोराएवढ्या चिंचेचा कोळ, मीठ आणि चिमूटभर हळद घालून उकळी आणायची. फोडणी तुपाची, त्यात जिरे, हिंग, कढीपत्ता आणि सात-आठ ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या. लसूण तांबूस झाला पाहिजे. पांढरा राहिला तर कढणाला कच्चा वास येतो आणि करपला तर सगळे पातेले कडू होते.

यानंतर आई जे करी, त्यातच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. एकाच पातेल्यातले कढण ती तीन भांड्यांत काढी. वडिलांच्या पेल्यात मिरपूड आणि फोडणीतला बहुतेक लसूण जाई. आजीचे दात पडलेले होते आणि सकाळी तिला भाकरी चावत नसे, म्हणून तिच्या वाडग्यात वाटलेला हुलगा जास्त घालून ते जवळजवळ पिठल्यासारखे दाट केलेले असे. माझ्या वाटीत तिखटाचे नाव नसे आणि गुळाचा खडा असे. तिघांनीही हुलग्याचे कढणच घेतले, पण तुम्ही तिघांना वेगवेगळी कृती विचारली असती तर तीन निराळ्या कृती मिळाल्या असत्या आणि तिन्ही खऱ्या असत्या.

येथे एक गोष्ट सांगून टाकते. हुलग्याच्या कढणाने मूतखडा जातो का, असे मला फार जण विचारतात. त्यांना मी डॉक्टरांकडेच पाठवते. मी कढण खोकल्यासाठी, थंडीसाठी आणि भुकेसाठी करायला शिकले आहे. शिवाय हुलगा उष्ण मानतात, त्यामुळे चैत्र-वैशाखात, सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, आमच्याकडे हुलग्याच्या डब्याला कोणी हात लावत नाही.

चारूची गोष्ट वेगळ्या घरची आहे. आम्ही साखर पेठेत राहत होतो आणि आमच्या भिंतीला भिंत लागून एक तेलुगू कुटुंब राहत होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापूरचा हा भाग गजबजलेला आहे. त्या घरातल्या आजीला सगळी गल्ली अक्का म्हणे. अक्का दिवसभर दारात बसून विड्या वळत. त्यांच्या मांडीवरही सूपच असे, पण त्यात तंबाखू, कापलेली पाने, कात्री आणि दोरा. मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळे, त्यामुळे स्वयंपाकाला त्या फार वेळ देऊ शकत नसत, आणि चारू पंधरा मिनिटांत होते.

मी अकरा वर्षांची असताना मला हिवताप झाला. ताप उतरला, पण गोळ्यांनी तोंड इतके कडू झाले होते की आईने केलेले मुगाचे कढणही मी परत सारत होते. तिसऱ्या दिवशी अक्का पदराने धरून एक लहान पातेले घेऊन आल्या. त्यांना मराठी बेताचे येई आणि आम्हाला तेलुगू त्याहून बेताचे. त्यांनी मऊ भाताचा लहानसा ढीग केला, मध्ये खळगा करून त्यात चारू ओतले आणि स्वतःच्या हाताने पहिला घास माझ्या तोंडात घातला. त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास होता. कितीही हात धुतले तरी तो जात नसे. त्या वासासकट आलेली चिंच, मिरे आणि लसूण यांची ती आंबट-तिखट चव म्हणजे आजारानंतर मला लागलेली पहिली चव. आजही चारू करताना तंबाखूचा वास नाही याची मला क्षणभर चुकचुक लागते.

कृती आईने अक्कांच्या दारात बसून शिकून घेतली. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळ काढायचा आणि त्यात चार वाट्या पाणी, मीठ, हळद घालायची. मिरे, जिरे आणि लसूण खलबत्त्यात जाडसर कुटायचे. मिक्सरमध्ये त्याचे पीठ होते आणि चारू गढूळ दिसते. मोहरी, सुकी मिरची आणि कढीपत्ता यांची फोडणी द्यायची. खरी मेख उकळीत आहे. कडेने फेस चढून मध्यापर्यंत आला की लगेच पातेले उतरवायचे आणि झाकायचे, कारण फार उकळले की मिऱ्याचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि मागे नुसता आंबटपणा उरतो. अक्का आजाऱ्यासाठी मिरे वाढवीत आणि सुकी मिरची काढून टाकीत. त्यांच्या घरातली माणसे कामावरून येत, तेव्हा याच्या नेमके उलट.

बाळंतिणीसाठी आणि अंगात ताकद नसलेल्यांसाठी मटणाचे अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी असे, त्याला तिखट मुळीच लागू द्यायचे नाही. मुलांसाठी टोमॅटोचे सार मीही करते. ते कोणालाही जमते. आंबील मात्र आजोळची. वेळ अमावस्येला ताकात कालवून आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील मातीच्या भांड्यातून शेतात नेत, आणि माणसांनी पिण्याआधी ती उभ्या पिकात शिंपडत. ती कोणासाठी केली, याचे उत्तर तेथे शेत हेच होते.

मागच्या हिवाळ्यात एका परिचित बाईंनी कढणाची कृती विचारली. सवयीने मी कोणासाठी म्हणून विचारले, तर त्या म्हणाल्या, "मी एकटीच असते हो. माझ्यासाठीच." मला पटकन काही सुचले नाही. वडील गेल्यानंतरचा पहिला हिवाळा आठवला. आई तेव्हा एकटी राहत होती आणि मी दिवाळीनंतर तिच्याकडे गेले होते. हुलग्याचा डबा उघडला, तर दाण्यादाण्याला भोक पडले होते आणि तळाशी पिठूळ भुगा साचला होता. वर्षभर तो डबा कोणी उघडलाच नव्हता. मी विचारल्यावर ती म्हणाली, "एका माणसासाठी कोण भिजत घालतं?" त्या रात्री मी नवे हुलगे आणून भिजत घातले, पहाटे कढण केले आणि वडिलांच्या पेल्यात तिला दिले. तिने ते पूर्ण प्यायले, आणि मिरे थोडे कमी हवे होते असे सांगितले. तिला मिरे कमी लागतात हे मला तोपर्यंत माहीत नव्हते, कारण तिच्यापुरते वेगळे भांडे आमच्या घरात कधी काढलेच गेले नव्हते.

म्हणून त्या बाईंना मी आधी दोन-चार गोष्टी विचारल्या : आंबट सोसते का, खोकला आहे का, तिखट किती खाता. मग कागदावर लिहून दिले. पाव वाटी हुलगे, दीड वाटी पाणी, चिंच अगदी थोडी, तूप अर्धा चमचा. एका माणसापुरते शिजवायचे म्हणून लसूण मात्र दोन पाकळ्यांवर आणू नये. चार तरी घालाव्यात, आणि त्या सावकाश तांबूस होऊ द्याव्यात.