आमची वाटचाल : एक मदतनीस, तीन घरे

गोव्यातील फोंडा तालुक्याच्या कवळे-ढवळी परिसरात आम्ही दिव्यांग व्यक्तींसाठी गृहसेवा सुरू केली, तेव्हा प्रत्येक घराला पूर्ण दिवसाचा स्वतंत्र मदतनीस द्यायचा, असा आमचा बेत होता. तो वर्षभरही टिकला नाही. सकाळची आंघोळ, कपडे बदलणे आणि चाकाच्या खुर्चीत बसवणे एवढेच ज्या घरी काम, तेथे मदतनीस उरलेला दिवस सोप्यावर बसून काढी आणि कुटुंबाला मात्र पूर्ण पगार सोसावा लागे. अखेर एकाच वाड्यावरील तीन कुटुंबांनी एका मदतनिसाचे तास वाटून घेण्याचे सुचवले. म्हणजे ज्या सामायिक सेवेमुळे आज आम्हांला ओळखतात, ती मुळात आमची कल्पनाच नव्हे.

कागदावर ही वाटणी सोपी होती, पण तिन्ही घरांना मदतनीस सकाळी सातलाच हवा होता. ज्या घरातील माणसे नोकरीला बाहेर पडतात त्यांना सातची वेळ आणि इतरांना साडेआठ व दहाची, हे ठरवण्यातच दोन महिने गेले. गणेश चवथीला तर मदतनीसही आपापल्या मूळ घरी जाऊ पाहतात. त्या दिवसांसाठी आषाढातच पाळ्या लावून ठेवाव्या लागतात.

एक चूक मात्र आमच्या पदरात आहे. अंथरुणाला खिळलेल्या एका गृहस्थांसाठी कुटुंबाने विजेवर चालणारी हवेची गादी घेतली होती आणि तिच्या भरवशावर दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नेम आम्ही रात्रीपुरता सैल केला. जूनमधील एका रात्री वीज गेली, गादी सपाट झाली आणि सकाळी माकडहाडावर तळहाताएवढा लाल चट्टा दिसला. बोट दाबले तरी त्याचा लालपणा जाईना, म्हणजे जखमेची सुरुवात झाली होती. तेव्हापासून उशा लावून कूस कशी बदलायची, हे घरातील किमान दोघांना शिकवल्याशिवाय आम्ही काम स्वीकारत नाही.

साखळी शहराच्या परिसरात विस्तार करताना आम्ही घरांची संख्या पाहिली, अंतर पाहिले नाही. तीन घरे तीन गावांत होती. मदतनिसाचा निम्मा दिवस बसची वाट पाहण्यात जाई आणि संध्याकाळचे घर वारंवार चुके. तीन महिन्यांत ती फेरी बंद करावी लागली. आता पायी दहा मिनिटांच्या आत तीन घरे मिळाली, तरच नवी फेरी सुरू होते.

वृद्ध आईवडिलांचा प्रश्न निराळा असतो : आमच्यामागे मुलाचे कसे होणार? त्यातून सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने हालचालींवर येणारे अपंगत्व) असलेल्या तीन प्रौढांसाठी आम्ही एक सामायिक घर भाड्याने घेतले. चिऱ्याच्या त्या घराचे जोते दोन फूट उंच होते. फूटभर चढाला बारा फूट उतार या हिशेबाने चोवीस फुटांचा रॅम्प बांधताना अंगणातील अबोलीचा वाफा गेला, याचे घरमालकिणीला वाईट वाटले आणि आम्हांलाही. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 नुसार सेरेब्रल पाल्सीसारख्या अपंगत्वात पालक नेमण्यासाठी जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो. तो भरण्यासही आम्ही मदत करतो.

सध्या वाळपईत दोन कुटुंबे तयार आहेत. जवळपासचे तिसरे घर मात्र अजून मिळालेले नाही.